शीसाठी डायपर मागतोय ना, द्या त्याला

तुमचा मुलगा २ वर्षं ८ महिन्यांचा, शू बऱ्यापैकी सांगतो, पण शी आली की डायपर घाल म्हणून मागे लागतो आणि पडद्यामागे जाऊन उभा राहतो, डायपर नाही दिला तर तीन तीन दिवस करतच नाही, जूनमध्ये प्लेस्कूल सुरू होणार आणि त्यांनी डायपर चालणार नाही म्हणून आधीच सांगितलंय, वर सासूबाई म्हणतात आमचा वर्षाचा होता तेव्हापासून सांगायचा. एवढं वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू का, ह्याला ट्रेनिंगचा प्रॉब्लेमच नाहीये. ह्याला शीला खडा होतोय. तुम्ही प्रश्नात तो शब्द कुठेच लिहिला नाहीये पण तीन दिवस आणि पडदा, एवढ्यावरून कळतं.

मी मुलांची डॉक्टर आहे, मुलुंडला प्रॅक्टिस, २६ वर्षं झाली. पॉटी ट्रेनिंग होत नाही म्हणून जे आईबाबा येतात त्यांच्याशी बोलत बसलं की बऱ्याचदा हेच निघतं, आणि मुलग्यांच्या बाबतीत तर शू हा प्रश्नच नसतो, ती आज ना उद्या जमते, सगळं अडतं ते शीपाशी.

एक प्रसंग सांगते. असाच एक पावणेतीन वर्षांचा, आई माझ्याशी बोलत होती आणि हा खाली फरशीवर बस चालवत होता, अगदी हॉर्न वगैरे देऊन. मधेच हॉर्न बंद झाला. बघितलं तर बस तिथेच टाकून हा वजनकाट्याच्या कोपऱ्यात गेलेला, तपासायच्या टेबलाची कड दोन्ही हातांनी धरलेली, चवड्यांवर उभा, पायाला पायाची अढी, तोंड लालेलाल आणि नजर भिंतीवर. आई म्हणाली, बघा ना डॉक्टर किती कुंथतो बिचारा, तरी होतच नाही. मी म्हटलं तो कुंथत नाहीये, तो शी धरून ठेवतोय. ती माझ्याकडे बघतच राहिली. कुंथणारं मूल खाली वाकतं, गुडघे दुमडतं, उकिडवं बसतं. चवड्यांवर उभं राहून ढुंगण आवळतं ते मूल दार बंद करत असतं. मिनिटभरात कळ गेली, ह्याचा रंग पूर्ववत, जाऊन परत बस उचलली. असं तो दिवसातून पाच सहा वेळा करत होता आणि घरात सगळे त्याला "हां हां, जोर लाव, शाब्बास" म्हणत होते.

आता हे का होतं. कधीतरी एकदा शी कडक झालेली असते, ताप येऊन गेला असेल, पाणी कमी प्यायला असेल, गावाला गेला असेल, आणि ती बाहेर येताना दुखलं, कधी कधी तिथे बारीक चीर पण पडते आणि रक्ताचा एखादा थेंब दिसतो. मोठ्या माणसाला कळतं की आज दुखलं, उद्या दुखणार नाही. अडीच वर्षांच्याला एवढंच कळतं की शी केली की दुखतं, मग करायचीच नाही. पण शी जितकी जास्त आत राहते तितकं आतडं तिच्यातलं पाणी शोषून घेतं, ती अजून कडक होते, पुढच्या वेळी अजून दुखतं, म्हणजे पोराचा अंदाज बरोबरच ठरतो ना! हे चक्र महिनाभर चाललं की शेवटचं आतडं फुगून सैल पडतं आणि मग शी आल्याची जाणीवच बोथट होते. ह्याच्यात अजून एक फसवं काय होतं तर त्या साठलेल्या खड्याच्या कडेने पातळ पाणी झिरपतं आणि चड्डीला लागतं, घरचे म्हणतात ह्याला जुलाब होतायत, आणि जुलाब थांबवायचं काहीतरी देऊन मोकळे होतात. अगदी उलटं काम.

म्हणून आधी शी मऊ, मग ट्रेनिंग. निदान एक महिना शीसाठी पॉटीचा विषयच घरात काढू नका, सासूबाईंना पण सांगा. तुमच्या नेहमीच्या मुलांच्या डॉक्टरांकडे जा, ते पोट चाचपून बघतील, बाकी काही नसेल तर लॅक्टुलोजचं सिरप किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर देतील, डोस वजनावर असतो त्यामुळे शेजारणीच्या मुलाचं औषध तसंच्या तसं सुरू करू नका. ह्या औषधांना सगळे घाबरतात की सवय लागेल. ही औषधं आतड्याला ढकलत नाहीत, फक्त शीत पाणी धरून ठेवतात, त्यामुळे आतडं आळशी होईल ही भीती इथे लागू नाही. खरी चूक होते ती लवकर बंद करण्यात. चार दिवस छान झाली की आई बंद करते आणि पंधरा दिवसांनी परत पहिले पाढे पंचावन्न. फुगलेलं आतडं मूळ मापाला यायला वेळ लागतो, निदान दोन महिने तरी धरून चाला, बऱ्याच जणांना जास्त लागतात, आणि बंद करताना पण डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करत.

आणि कृपा करून साबणाची वडी नको, विड्याच्या पानाचा देठ एरंडेल लावून तो पण नको. मला माहितीय घरोघरी केलं जातं आणि त्या वेळेपुरती शी होते पण. पण ज्या मुलाला आधीच त्या जागेची भीती बसलीय त्याला दोन जणांनी धरून तिथे काही घालायचं म्हणजे पुढचे सहा महिने तो कोणाला जवळ येऊ देणार नाही. साबणाने आतली नाजूक त्वचा जळजळते ती वेगळीच.

खाण्यात पहिली गोष्ट दूध. दिवसाला किती बाटल्या जातात ते खरं खरं मोजा. सकाळी एक, दुपारी झोपताना एक, रात्री एक आणि मध्यरात्री अजून एक, असं लिटरभर दूध पिणारी अडीच तीन वर्षांची मुलं मी रोज बघते, जेवणाला पोटात जागाच उरत नाही, शी कडक होते आणि रक्तातलं लोह पण खाली जातं. ४०० ते ५०० मिली दूध ह्या वयाला पुष्कळ झालं, आणि ते कपातून. बाकी पपई, पेरू, चिकू, रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका, भाजी-वरणात कुस्करलेली भाकरी, हे चालू ठेवा, बिस्किटं आणि खारी-टोस्ट कमी करा. पाणी हाताशी राहील असं ठेवा.

आता डायपर. शीर्षकात लिहिलंय तेच, शीसाठी मागतोय तर द्या. लोकांना वाटतं लाड होतात. अहो, तो तुम्हाला सांगतोय की शी आलीय! ट्रेनिंगमधला सगळ्यात अवघड भाग त्याला जमलेलाच आहे, फक्त जागा बदलायचीय. तुम्ही डायपर नाही म्हणालात की तो धरून ठेवणार आणि आपण परत त्या चक्रात. शी रोज मऊ यायला लागली, दोन तीन आठवडे न दुखता झाली, की मग जागा हळूहळू सरकवायची. आधी पडद्यामागून बाथरूमच्या दारात, डायपर घालूनच, उभ्याने केली तरी चालेल. मग संडासात, डायपर घालूनच. मग डायपर घालूनच पॉटीवर बसून. मग डायपर सैल, मग डायपरला मागे कात्रीने मोठं भोक पाडून, हसू नका, खरंच करतात असं आणि चालतं, मग एक दिवस डायपर नुसता पॉटीत अंथरायचा. प्रत्येक पायरीला चार दिवस लागोत की पंधरा. एखाद्या पायरीला अडला तर एक पायरी मागे या, ओरडा न करता.

बसवायची वेळ जेवणानंतर. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं, तो शरीराचा नियमच आहे, त्यामुळे सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण झाल्यावर दहा पंधरा मिनिटांनी बसवा, पाच मिनिटं, बस. झाली तर झाली. अर्धा तास मोबाइल हातात देऊन बसवून ठेवू नका, तो मग पॉटीवर कार्टून बघायला बसतो. सकाळी नळाला पाणी, डबे, तुमची ८:१२ ची गाडी ह्या गडबडीत जमत नसेल तर सकाळ सोडा, रात्रीची वेळ धरा.

आणि पाय टेकले पाहिजेत. कमोडवर छोटी रिंग सीट लावून मुलगा बसवला की पाय लोंबकळतात, दोन्ही हातांनी सीट धरून तो पडू नये ह्याच काळजीत असतो, शी कुठून करणार. शिवाय आपल्या शेवटच्या आतड्याभोवती एक स्नायू गोफणीसारखा असतो, तो आतडं पुढे ओढून वाकवून ठेवतो, उकिडवं बसलं की तो सैल पडतो आणि रस्ता सरळ होतो. इंडियन संडासाचा हा फायदा आहे, पण आता नव्या बिल्डिंगमध्ये तो राहिलाच नाही. घरात जेवायचा पाट असेल ना माळ्यावर कुठेतरी, तो काढा, पायाखाली द्या, एकाने गुडघे वर येत नसतील तर दोन पाट. प्लॅस्टिकची जमिनीवरची पॉटी असेल तर प्रश्नच नाही. ती हॉलच्या कोपऱ्यात ठेवली तरी चालते, घरी पाहुणे आले तर आले.

एक गोष्ट आपल्या भाषेतली. आपण विष्ठेला शी म्हणतो आणि किळस आली की पण शीऽऽ म्हणतो. पोराचा डायपर उघडून नाकाला पदर लावून "शी! केवढी घाण केलीस" म्हणतो, आणि मग त्याच तोंडाने म्हणतो चल राजा शी करूया. त्याला काय कळायचं? ती त्याच्या अंगातून आलेली गोष्ट आहे. निदान सहा महिने नाकाला हात न लावता, साध्या चेहऱ्याने, "झाली का, छान, चल धुऊया". पॉटीतली शी कमोडमध्ये टाकताना त्याला टाटा करू दे, फ्लशच्या आवाजाला भीत असेल तर तो बाहेर गेल्यावर ओढा. आणि धुताना जेटचा गार फवारा एकदम मारू नका, मग्यात कोमट पाणी घ्या. असल्या बारीक गोष्टींनी मुलं बिथरतात, घरच्यांना पत्ता नसतो.

आता सासूबाईंचं. त्या खोटं बोलत नाहीयेत. तेव्हा दुपटी आणि लंगोट होते, वीस लंगोट धुवायचे म्हणजे काय हे त्यांनाच माहीत, म्हणून सहा महिन्यांचं बाळ पायांवर घेऊन शूऽऽ शूऽऽ आवाज काढत बसायच्या आणि बाळ त्या आवाजाला करायचं. मी नवीन डॉक्टर होते तेव्हा ह्याला हसायचे, आता नाही हसत, ती पद्धत चांगली आहे, पण त्यात मुलाची वेळ आजीला कळलेली असते, मुलाला स्वतःला कळून त्याने जाऊन चड्डी काढून बसणं हे पुढचं. आणि दोन वर्षं डायपरमध्ये राहिलेल्या मुलाची तिच्याशी तुलना करून उपयोग नाही. ब्रेझल्टन नावाचे अमेरिकन बालरोगतज्ज्ञ होते, त्यांनी १९६२ साली आपल्या प्रॅक्टिसमधल्या १,१७० मुलांची नोंद प्रसिद्ध केली, मुलाच्या तयारीने घेतलं तर दिवसाची ट्रेनिंग सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांना पूर्ण झालेली, आणि मुली मुलग्यांच्या दोन अडीच महिने आधी. ही सरासरी आहे हां, म्हणजे कितीतरी त्याच्या नंतरचे. ३ वर्षांपर्यंत तर मी कोणाला उशीर झाला असं म्हणतच नाही.

शूबद्दल थोडक्यात, कारण तुमचं ते जमत आलंय. ह्या वयाच्या मूत्राशयाचा ढोबळ हिशेब वय अधिक २, त्याला ३० ने गुणायचं, म्हणजे तुमच्या मुलाचं साधारण १४० मिली, जेमतेम एक कप चहा. त्यामुळे दर दीड दोन तासांनी न्यायचं, आणि "शू आली का?" असं विचारायचं नाही, उत्तर नाहीच येतं, "चल शूला जाऊन येऊ" म्हणायचं. मुलग्यांना आधी बसूनच शिकवा, नुनी खाली धरायला शिकवा नाहीतर समोरच्या दारावर फवारा. उभं राहून करायचं नंतर बाबांनी शिकवायचं, मोरीत, ते काम त्यांच्याकडेच द्या. पुढची कातडी ओढून मागे न्यायची नाही, ह्या वयात ती चिकटलेली असणं नॉर्मल आहे, आपोआप सुटते. आणि बाहेर गेल्यावर गटाराच्या कडेला धरू नका, घरी पॉटी आणि बाहेर फुटपाथ असं दोन ठिकाणी दोन नियम त्याला कळत नाहीत, आणि पुढे मोठा झाल्यावरही कळत नाहीत असे बरेच पुरुष आपल्या शहरात आहेत.

माझं स्वतःचं सांगते. माझा मुलगा सव्वातीनचा होता, शू व्यवस्थित सांगायचा, दादरला आईकडून परत येत होतो, स्लो लोकल, लेडीज डबा गच्च. कुर्ल्याला म्हणाला मम्मा शू. लोकलला संडास नसतो, मी म्हटलं थांब हं राजा, घाटकोपरला उतरू. विद्याविहार सुटलं आणि माझ्या मांडीवर गरम गरम. मी सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडले. दुसऱ्यांना दिवसभर शिकवते ओरडू नका आणि स्वतः ओरडले. समोरच्या मावशींनी पिशवीतून पेपर काढून दिला आणि मलाच म्हणाल्या, त्याने सांगितलं होतं की गं. बरोबर होतं त्यांचं. पुढचे आठ दिवस त्याने शू आलेली सांगितलीच नाही, सरळ चड्डीत. ह्या वयात आली म्हटल्यापासून एखाद-दोन मिनिटंच असतात हातात. तेव्हापासून निघताना एकदा नेऊन आणायचं, आणि पिशवीत रुंद तोंडाची झाकणाची एक बाटली, मुलगा असल्याचा तेवढा फायदा.

रात्रीचा डायपर आत्ता काढूच नका. रात्री शू कमी तयार व्हायला एक हार्मोन लागतं, ते शिकवून येत नाही. ५ वर्षांच्या मुलांमधली साधारण १५ टक्के गादी ओली करतात, मुलगे जास्त, आणि हे घराण्यात चालतं, सासूबाईंना कधीतरी गोडीत विचारून बघा तुमचे अहो कितव्या वर्षापर्यंत करायचे. डायपर सुटला तरी चादरीखाली मेणकापड राहू दे.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं, तर शूची धार बारीक, थेंब थेंब किंवा जोर लावून येत असेल, मुलग्यांमध्ये हे कधीही नॉर्मल धरायचं नाही. शू करताना रडतो, कारण नसताना ताप येतो. अचानक खूप पाणी प्यायला लागला आणि खूप शू व्हायला लागली, वजन उतरतंय. पोट फुगलंय आणि उलट्या. जन्मापासूनच बद्धकोष्ठ आहे किंवा जन्मल्यावर पहिली काळी शी दोन दिवस झालीच नव्हती, हे फाइलमध्ये बघा. चालताना पाय अडखळतात किंवा कमरेच्या खाली मणक्यावर खड्डा, केसांचा पुंजका आहे. ह्यातलं काहीही असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी दाखवा.

प्लेस्कूलचं टेन्शन मला कळतंय. पण नीट विचारा, डायपर चालणार नाही म्हणजे नक्की काय, कारण तुमचा मुलगा शू सांगतो, दोन अडीच तासांची शाळा, शी तो घरीच करणार. टीचरना सांगा की दहा वाजता एकदा नेऊन आणा. बॅगेत तीन चड्ड्या, एक हाफपँट, एक पिशवी ओल्या कपड्यांना. एप्रिल मे हातात आहे, घरात तो नुसत्या चड्डीवर राहिला तरी चालतं आणि चड्ड्या तासाभरात वाळतात, जुलैमध्ये हेच करायला गेलात तर पंख्याखाली दोऱ्या बांधून बसाल. शाळा सुरू झाल्यावर पहिला महिना थोडा मागे जाईल, जमलेली शू पण चड्डीत होईल, तेव्हा परत मला विचारू नका, होतंच तसं.

आजपासून एकच करा. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दूधवाल्याच्या हिशेबाच्या शेजारी, शी झाली त्या दिवशी पेन्सिलने खूण, मऊ झाली तर गोल, खडा झाला तर फुली, आणि त्या दिवशी किती दूध प्यायला ते. डॉक्टरांकडे जाताना ते पान फाडून न्या.